दोन डबे पाणी

अबिओसेला झग्याला खिसा हवा होता.

"पदक घ्यायला निघालेल्या बाईला खिसा कशाला गं?" मी विचारलं. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे मला रागावता येत नव्हतं, नाहीतर रागावलो असतो. पन्नास वर्षं मी क्लाईन टाउनच्या ह्या कोपऱ्यावर शिवणाचं मशीन चालवतोय. समारंभाच्या झग्याला खिसा लावला की एका बाजूला झोळ येतो आणि नाव शिंप्याचं खराब होतं.

"फोन ठेवायला," ती म्हणाली.

"फोन पर्समध्ये ठेवतात."

"पर्समधला ऐकू येत नाही. तुम्ही लावा हो, पा."

वयानं मी तिच्यापेक्षा पाचच वर्षांनी मोठा, पण ती मला पहिल्यापासून 'पा', म्हणजे बाबा, म्हणते. तिच्या नवऱ्याचा मी मित्र, आणि लांबच्या नात्यानं त्याचा मावसभाऊही. आमच्याकडे नातं एवढं लांबचं झालं तरी ते कोणी सोडत नाही, विशेषतः फुकट शिवून घ्यायचं असेल तेव्हा.

मी तिचं माप घेतलं. कमरेत दोन इंच कमी झाली होती, खांदे पुढे आले होते. अडतीस वर्षं बाया बाळंत करणाऱ्या बाईचे खांदे असेच होतात, पुढे, हात द्यायच्या तयारीत. आमच्या गल्लीच्या टोकाला जो लहानसा प्रसूतीचा दवाखाना आहे त्यात ती सिस्टर होती. ह्या भागातल्या चाळिशीच्या आतल्या कुठल्याही माणसाला विचारा, त्याच्या ढुंगणावर पहिली चापटी सिस्टर अबिओसे थॉर्पचीच. आणि आता सरकारनं कळवलं होतं की स्वातंत्र्यदिनी स्टेट हाउसमध्ये तिला रोकेल नदीच्या नावाचा राष्ट्रीय सन्मान मिळणार. देशाची निष्ठेनं सेवा केली म्हणून.

मला नवल वाटलं ते सन्मानाचं नाही. नवल वाटलं ते तिनं हो म्हटल्याचं. चर्चनं तिचा सत्कार ठरवला तेव्हा तिनं ताप आल्याचं सांगितलं होतं. तिच्या हातून बाळंत झालेल्या आयांनी वर्गणी काढून घड्याळ आणलं तर ते दवाखान्याच्या भिंतीवर लावून टाकलं. अशी बाई, आणि सरकारचं पत्र आल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्याकडे कापड घेऊन हजर. निळ्या प्रिंटचं, चांगलं साडेपाच वार.

"एक विचारू?" मी टाचण्या काढून म्हणालो. "ह्या वेळी ताप नाही आला?"

ती आरशात बघत होती, स्वतःकडे नाही, माझ्या दाराबाहेरच्या रस्त्याकडे.

"पा, ही यादी रेडिओवर वाचतात," ती म्हणाली. "सगळ्या देशात. पेपरात छापतात. लोक फोनवर एकमेकांना पाठवतात, गिनीपर्यंत, लायबेरियापर्यंत जाते. मी यादीवाल्या सरकारी साहेबांना सांगितलंय, माझं नाव नुसतं वाचायचं नाही. 'युस्टेस थॉर्प यांची पत्नी, क्लाईन टाउन' असं वाचायचं. लिहून दिलंय मी."

मी कात्री खाली ठेवली. खिसा लावतो म्हणालो.

युस्टेस गोदीत क्रेन चालवायचा. दिवसभर उंचावर एकटा बसलेला माणूस, त्यामुळे खाली उतरला की त्याला बोलायला माणूस लागायचं. शनिवारी दुपारी तो माझ्या दुकानात येऊन बसायचा, मी शिवत असताना मला जगाच्या बातम्या सांगायचा, त्यातल्या निम्म्या खोट्या. मग अबिओसेची हाक आली की आम्ही दोघं त्यांच्याकडे जेवायला. शनिवारी आमच्या घरांतून फुफू असतं, कसाव्याच्या कंदाचा घोटून शिजवलेला गोळा, आणि पाल्याची कडू भाजी, धुरावलेली मासळी घालून. फुफूचा गोळा त्याला मोठा लागायचा. "बायको, हा गोळा आहे की गोळी?" हे त्याचं दर शनिवारचं वाक्य. तिनंही मोठा वाढलेला कधी मला आठवत नाही. ते वाक्य ऐकायला मिळावं म्हणूनच ती लहान वाढत असणार.

पंचवीस वर्षांपूर्वी, लढाई चालू होती त्या जानेवारीत, बंडखोर शहरात शिरले ते पूर्वेकडून, म्हणजे आमच्याच अंगावर. ज्यांना पळता आलं ते पळाले. दवाखान्यात चार बायका दिवस भरलेल्या होत्या, त्यांना पळता येणार नव्हतं, आणि सिस्टर अबिओसे त्यांना सोडून जाणार नव्हती. बायको जाणार नाही म्हटल्यावर युस्टेसही राहिला. मी राहिलो ते शौर्यानं नव्हे. माझं मशीन उचलून नेता येत नव्हतं. अकरा दिवस ती बाई दवाखान्यातून हलली नाही. गल्लीबोळांतून आणखी बायका येत गेल्या. नऊ मुलं झाली, नऊही जगली. नाळ बांधायला दोरा संपला तेव्हा माझ्याकडचा जाड पांढरा दोरा तिनं उकळून वापरला. सन्मानाच्या मजकुरात हे सगळं लिहिलेलं आहे, दोऱ्यासकट. माझं नाव नाही, पण दोरा आहे.

लिहिलेलं नाही ते हे. चौथ्या दिवशी, शनिवारी, नळ कोरडे पडले. आत एक बाई अडलेली. अबिओसेनं दाराशी येऊन नवऱ्याला सांगितलं, "पाणी आण. कुठूनही आण." युस्टेस दोन पिवळे डबे घेऊन माझ्या मागच्या दाराशी आला. "सिल्वा, चल. कबरस्तानाच्या पलीकडच्या विहिरीला पाणी आहे म्हणतात. दोघं असलो की बरं." मी म्हणालो, पाय दुखतोय. तो म्हणाला, "बरं, तू बैस. आल्यावर तुझ्या पायावर ओततो थोडं." आणि शीळ घालत गेला.

तो गेला तो गेलाच. त्याला कोणी पडलेला पाहिला नाही, कोणी नेताना पाहिला नाही. विहिरीपाशी प्रेतं होती, ती मी एकेक पालथी-उलथी करून पाहिली, त्यांत तो नव्हता. डबेही नव्हते. पुढे कोणी म्हणालं, ओझी वाहायला माणसं धरून नेली आतल्या मुलखात, त्यांतले काही सीमा ओलांडून गेले. हे एक वाक्य अबिओसेनं पदराला गाठ मारावी तसं धरून ठेवलं. पंचवीस वर्षं.

दर शनिवारी ती त्याचं ताट वाढते. फुफूचा गोळा, आता मोठा, वर भाजी, वर दुसरं ताट झाकण. टेबलाच्या त्याच्या बाजूला. संध्याकाळी ते ताट गल्लीतल्या कुणालातरी जातं. मी त्यांच्याकडे शनिवारी जेवत आलोय, त्या झाकलेल्या ताटासमोर बसून. कुठे बघावं हे मला पंचवीस वर्षांत कळलेलं नाही.

आता नणंदेचं सांगतो, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकायची नाही. सिसी लेटिशा, युस्टेसची मोठी बहीण. वय त्र्याऐंशी. नवरा गेल्यापासून भावजयीच्या घरात राहते. ह्या दोघींचं सख्य विळ्याभोपळ्याचं. मीठ कमी पडलं तर लेटिशा म्हणते, "आमच्या आईच्या हाताला चव होती, असो." अबिओसे म्हणते, "म्हणूनच तुम्ही सासरी दोन महिन्यांवर टिकायच्या नाहीत, सिसी." रात्री मात्र लेटिशाच्या गुडघ्यांना तेल लावायला अबिओसेच लागते, दुसरं कोणी हात लावलेला चालत नाही.

त्यांचं खरं भांडण एकच. लेटिशाच्या मते तिचा भाऊ मेला. आणि मेलेल्या माणसाला आमच्यात जेवू घालावं लागतं. घरात लग्न असो, नवी वास्तू असो, काही मान मिळो, आवुजो करायचा म्हणजे करायचा. अंगणात खड्डा खणायचा, शिजवलेलं सगळं आधी त्यात वाढायचं, एकेका पूर्वजाचं नाव घेऊन बोलवायचं, पाणी घालायचं, मग आपण जेवायचं. ज्याचं नाव घेतलं नाही तो दाराबाहेर उपाशी उभा राहतो. उलट, ज्याचं नाव घेतलं तो मेला. त्यात मधलं काही नसतं.

म्हणून अबिओसेच्या घरी पंचवीस वर्षांत आवुजो झाला नव्हता. सासूचा चाळिसाव्या दिवसाचा झाला तो चुलत्यांकडे. अबिओसेनं सगळा स्वयंपाक एकटीनं केला आणि नावं घ्यायची वेळ आली तशी उठून बंदराच्या बाजूला चालत गेली. लेटिशानंही तेव्हा तोंड आवरलं होतं.

स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी मी दुकानात रेडिओ लावला. वाचणाऱ्यानं अगदी लिहून दिलं होतं तसंच वाचलं. युस्टेस थॉर्प यांची पत्नी, क्लाईन टाउन. पंचवीस वर्षांनी त्याचं नाव परक्या तोंडून ऐकलं आणि मला मशीनवर हात ठेवून बसावं लागलं. बाहेर गल्लीत पोरं नाचत होती, सिस्टरचं नाव, सिस्टरचं नाव म्हणून.

समारंभाचा वृत्तान्त लेटिशानं आणला.

"दोन पाहुणे न्यायची परवानगी होती," ती मला म्हणाली. बूट काढून पाय पंख्यासमोर धरले होते. "एक मी. दुसरा कोण असेल ओळख बघू."

"मला तर नाही बोलावलं."

"तुला कोण बोलावतंय? माझ्या शेजारची खुर्ची रिकामी. वर चिठ्ठी, युस्टेस थॉर्प. सगळे मोठमोठे लोक येऊन विचारतात, इथे कोणी आहे का, इथे कोणी आहे का. मी काय सांगू? येतोय म्हटलं. पंचवीस वर्षं येतोय, आता वाटेत असेल."

"असं म्हणालीस?"

"नाही," लेटिशा म्हणाली. "हात ठेवला खुर्चीवर. कोणी बसू नये म्हणून."

पदक अबिओसेनं घरी येताच कपाटाच्या खणात टाकलं. दुसऱ्या दिवशी लेटिशानं ते रुमालात बांधून मासळीवालीला दाखवलं, मग चर्चच्या झाडूवाल्याला, मग मला, तीनदा. "हात लावू नकोस, तुझ्या हाताला मशीनचं तेल असतं," असं मला बजावून.

आणि अबिओसे वाट पाहू लागली.

तिनं काही सांगितलं नाही, पण आम्हाला दिसत होतं. निळा झगा ती घरातही घालायला लागली, खिशासाठी. फोन वाजला की हातातलं टाकून खिशात हात. मॅरिलँडहून मुलीचा, लंडनहून भाच्यांचा, कुठल्या कुठल्या आयांचा, अभिनंदन, अभिनंदन. प्रत्येक वेळी ती आधी एक क्षण नुसतं ऐकायची, मग आवाज खाली यायचा. संध्याकाळी बाहेरच्या पायऱ्यांवर बसायची. बो गावच्या बसमधून उतरलेला एक म्हातारा एकदा गल्लीच्या तोंडाशी पत्ता विचारत उभा राहिला. ती पायऱ्या उतरून धावली, गुडघ्यांची पर्वा न करता. तो दुसऱ्याच कोणाकडे आला होता. तिनं त्याला घर दाखवलं, पाणी दिलं, आणि परत येऊन पायरीवर बसली. मी माझ्या दारातून पाहत होतो आणि मला तिचा राग आला. एवढी आशा माणसानं करू नये. मग स्वतःचा आला, कारण तो म्हातारा वळला तेव्हा मीही उठून उभा राहिलो होतो.

तीन आठवडे गेले.

लेटिशानं तीन आठवडे कळ काढली, ह्याचंच मला आश्चर्य. मग एका जेवणावर ती म्हणाली, "मान मिळाला आणि पूर्वजांना कळवलंही नाही. लोक काय म्हणतील ते सोड. आई काय म्हणेल?"

"करा आवुजो," अबिओसे म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे मासळीचे काटे काढत होती.

"नावं?" लेटिशानं विचारलं.

"पा घेतील. घरात दुसरा म्हातारा पुरुष कोण आहे? त्यांना कोणाचं नाव घ्यायचं, कोणाचं नाही, कळतं."

म्हणजे माझ्या मानेवर ठेवलं.

शनिवार धरला. सकाळी आम्ही तिघं कबरस्तानात गेलो, सासूच्या कबरीवर. मृतांना आधी जाऊन सांगावं लागतं, न सांगता जेवायला बोलावलं तर कोण येईल? कौल लावायला मी कोलाची दोन कडू फळं फोडली, एक तांबडं, एक पांढरं, चार अर्धुकं हातात घेतली. दोन उताणी दोन पालथी पडली की त्यांनी ऐकलं, मानलं. म्हटलं, "मावशी, तुझ्या सुनेला सरकारनं मान दिलाय. आज घरी जेवायला ये, सगळ्यांना घेऊन ये." आणि टाकली. चारही पालथी.

"बघितलंस?" लेटिशा म्हणाली.

"जिवंतपणी तरी तुझी आई एका बोलावण्यात कुठे आली होती?" मी म्हणालो. थोडं पाणी घातलं, पुन्हा विनवणी केली, पुन्हा टाकली. दोन उताणी, दोन पालथी. अबिओसे हसलीसुद्धा. मी अर्धुकं गोळा केली आणि उठणार, तेवढ्यात लेटिशा कबरीवर वाकली.

"आई," ती म्हणाली, "आता मला एक सांग. युस्टेस तुझ्यापाशी आहे का?"

माझ्या हातात कोला होता. विचारल्यावर टाकायचा, ही सवय लहानपणापासूनची. हात आपोआप सुटला.

चार तुकडे दगडावर पडले आणि त्याच क्षणी अबिओसेचा पंजा त्यांच्यावर पडला. चिमण्यांवर मांजर पडावं तसा. कोणालाच काही दिसलं नाही. तिनं ते मुठीत गोळा केले आणि खिशात टाकले, मी शिवलेल्या खिशात.

"दाखव," लेटिशा म्हणाली.

"नाही."

"माझी आई आहे ती. उत्तर मला दिलंय."

"आणि तो माझा नवरा आहे."

परत येताना दोघी रस्त्याच्या दोन कडांनी चालत होत्या आणि मी मधून, दोन्हीकडच्या सावल्या चुकवत. घराशी आल्यावर लेटिशा थांबली. तिला दम लागला होता. भांडायचा आवाज नव्हता आता तिच्यात.

"अबिओसे, मी त्र्याऐंशीची," ती म्हणाली. "हा पावसाळा बघेन, पुढचा बघेन असं नाही. वर गेले की आई पहिलं विचारणार, माझ्या पोराला जेवू घातलंस का? काय सांगू? सुनेला विचार म्हणू? आणि तो तिथे असला, दाराबाहेर उभा, तर त्याच्याकडे कुठल्या तोंडानं बघू?"

अबिओसे तिच्याजवळ आली. तिला हात धरून पायऱ्या चढवून घेऊन गेली.

दुपारी अंगण भरलं. आजूबाजूच्या बायांनी पातेली उतरवली, चवळी, तळलेली केळी, अकाराची भजी, पानात वाफवलेलं ओलेले, भात, मोठ्या हंड्यात आल्याचं सरबत. आंब्याखाली खड्डा खणून तयार. समोरच्या पत्र्यावर गिधाडं येऊन बसली होती, पाचसहा, मान आत ओढून, वेळेवर आलेल्या पाहुण्यांसारखी. खड्ड्यातलं ती उतरून खातात तेव्हा समजायचं की जेवण पोचलं. आमच्यात त्यांना कोणी हाकलत नाही.

मी हातात पाण्याचा गडू घेऊन उभा राहिलो आणि नावं घ्यायला लागलो. जहाजातून ह्या किनाऱ्यावर उतरलेल्या पहिल्या थॉर्पपासून. एकेक नाव, एकेक वाढप खड्ड्यात, बायका मागून "ये, जेव" म्हणत होत्या. आजोबा, आज्या, चुलते, जुळ्यातला लहानपणी गेलेला, युस्टेसचे वडील. मग मावशी. मावशीच्या पुढचं नाव कोणाचं हे अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं. अबिओसे स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती गेली नव्हती ह्या वेळी. मी तिच्याकडे पाहिलं नाही. लेटिशाकडेही नाही. माझ्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणालो,

"आणि ज्यांची नावं आम्ही विसरलो, तेही सगळे या."

हे म्हणतातच शेवटी, रीत आहे. पण लेटिशा खुर्चीतून म्हणाली, मोठ्यानं नाही,

"सिल्वा, माझ्या भावाचं नाव तू विसरलास?"

कोणी मुस्कटात मारली असती तर बरं वाटलं असतं. मी गडू हातात धरून तसाच राहिलो. पाणी घालायचं राहिलं. सगळ्यांनी वर पाहिलं. गिधाडं पत्र्यावर होती तिथेच होती. एकानं पंख पसरले, पुन्हा मिटले. बरीच वाट पाहिली. अन्नावर माश्या बसायला लागल्या. कोणीतरी बाई कुजबुजली की कोणीतरी बाहेर राहिलंय, म्हणून येत नाहीत.

अबिओसे वळून आत गेली. मला वाटलं, गेली बंदरावर.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात झाकलेलं ताट होतं. आज शनिवार, हे मी विसरलो होतो. एवढ्या गडबडीत, एवढ्या पातेल्यांत, पहाटे उठून तिनं त्याचं फुफू केलं होतं. ती खड्ड्याजवळ आली आणि एका हातानं माझा खांदा धरून खाली बसली. गुडघे वाजले. खिशातून तिनं कोलाचे चार तुकडे काढले.

"मी बघितले नाहीत," ती लेटिशाला म्हणाली. "देवाशपथ, सिसी. उचलताना डोळे मिटले होते." आणि ते तसेच खड्ड्यात सोडले. मग माझ्याकडे वर पाहिलं. "पा, त्याचं नाव सगळ्या देशानं ऐकलं. ऐकणारा असता तर आला असता. आता तुम्ही घ्या."

मी नाव घेतलं. "युस्टेस ओलुफेमी थॉर्प." ते घेतल्यावर पुढे म्हणायचं असतं, ये, जेव. ते माझ्या तोंडून निघेना. निघालं ते दुसरंच.

"युस्टेस, माझा पाय दुखत नव्हता रे."

अंगणात कोणाला काही कळलं नसेल. अबिओसेला कळलं. तिचा हात माझ्या पायावर होता, आधाराला, तो तिनं काढला नाही. थोड्या वेळानं तिनं ताटावरचं झाकण उचललं. फुफूचा गोळा खूप मोठा होता. ताट तिरपं करून तिनं तो हळूच खड्ड्यात सरकवला, भाजी बोटांनी निपटून घातली. लेटिशा रडत होती आणि रडता रडता म्हणत होती, "जेव रे माझ्या बाळा, जेव." गिधाडं पत्र्यावरून केव्हा उतरली ते कोणी पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा ती आमच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

पाणी राहिलं होतं. मी गडू पुढे केला; ते नाव घेणाऱ्यानं घालायचं असतं. अबिओसेनं तो माझ्या हातातून घेतला. बारीक धार धरून तिनं सगळा गडू रिता केला, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि मग बोलली, स्वयंपाकघरातून शनिवारी हाक मारायची तशा आवाजात.

"पाणी आलंय, युस्टेस. आता शोधत फिरू नकोस."